तुरिनमधील चॉकलेट-आस्वाद : पैसे भरून घेतलेली फेरी की आपली आपण घेतलेली चव?

सांजवेळ (धागाकर्ता)

गेल्या ऑक्टोबरमध्ये कामानिमित्त मिलानला जाणे झाले. काम संपल्यावर हाताशी चार दिवस उरत होते, म्हणून पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि वडील यांनाही बोलावून घेतले. व्हेनिस आणि फ्लोरेन्स येथील गर्दी वडिलांना झेपली नसती, म्हणून आम्ही मिलानहून वेगवान गाडीने साधारण तासाभरात गाठता येणारे तुरिन निवडले. तिथले लोक त्याला तोरिनो म्हणतात. पो नदीच्या काठचे हे शहर १५६३ साली सावोय घराण्याची राजधानी झाले, आणि १८६१ ते १८६५ या काळात एकत्रित इटलीची पहिली राजधानीही हेच होते. मधल्या भागातील रस्त्यांच्या कडेने कित्येक किलोमीटर लांबीच्या कमानी आहेत, त्यामुळे पाऊस असला तरी छत्री न उघडता दुकानामागून दुकान पाहत जाता येते. राजवाड्यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे. मला त्या कमानींखालच्या चॉकलेटविषयी लिहायचे आहे आणि त्यातही एका विशिष्ट प्रश्नाविषयी विचारायचे आहे. पर्यटकांसाठी आखलेली चॉकलेट चाखण्याची फेरी घ्यावी, की ते पैसे राखून आपापले एका जागी बसून खावे?

आम्ही निघण्यापूर्वीच एका कंपनीची तीन तासांची फेरी आरक्षित केली होती. माणशी ४५ युरो, सात दुकाने, चौदा चवी. वडील माळकरी आहेत, म्हणून आरक्षण करतानाच आम्ही शाकाहारी असल्याचे आणि अंडे व मद्य चालणार नसल्याचे कळवले होते, आणि काहीच अडचण नाही असे उत्तरही आले होते. वाट दाखवणारी मुलगी लाघवी होती आणि माहितीही उत्साहाने सांगत होती. परंतु मागून दुसरा गट येत आहे म्हणून उभ्याउभ्या घाईने तोंडात टाकलेल्या तुकड्यांना आस्वाद म्हणवत नाही. चौथ्या दुकानापर्यंत माझी जीभ अशी बधिर झाली, की कडू चॉकलेट कोणते आणि दुधाचे कोणते हे रंगावरून ओळखावे लागले. पाचव्या दुकानात चमकदार कागदात गुंडाळलेला एक जाडसर गोल तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवण्यात आला. वडिलांनी तो चावला, क्षणभर थांबले, कागदी रुमालात काढून ठेवला, पिशवीतली पाण्याची बाटली घेऊन दुकानाबाहेर गेले, चूळ भरली आणि परत येऊन काहीही न बोलता रांगेत उभे राहिले. त्या तुकड्याच्या पोटात रम होती. त्या मुलीला विचारले तेव्हा ती मनापासून ओशाळली. तिच्या हातातल्या यादीत आमच्या नावापुढे 'शाकाहारी' एवढाच शेरा उतरला होता, आणि रम मांसाहारी नसते हे तिचे म्हणणे तर्काने खोडण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतीही आखणी न करता आम्ही कोन्सोलाता या चर्चसमोरच्या 'अल बिचेरीन' या कॉफीगृहात गेलो. ते १७६३ सालापासून तिथे आहे. जागा अगदी आटोपशीर, भिंतींना लाकडी आवरण आणि आरसे, आणि मोजकीच संगमरवरी गोल टेबले. बिचेरीन म्हणजे पिएमोंतेच्या, म्हणजे तुरिन ज्या प्रांतात आहे त्याच्या, बोलीत लहान पेला, आणि त्या पेल्यातून मिळणाऱ्या पेयाचे नावही तेच. तळाशी कॉफी व मंद आचेवर घट्ट केलेले गरम चॉकलेट, आणि वर हलकीच फेटलेली गारसर साय. ते ढवळायचे नसते. पेला कलंडवला की ओठांना आधी गार साय लागते आणि तिच्याखालून कडवट, गरम चॉकलेट येते, आणि सगळी गंमत या दोन तापमानांच्या भेटीत आहे. हे मी सर्वांना नीट समजावून सांगत असतानाच वडिलांनी पन्नास वर्षांच्या सवयीने पेला उचलला आणि बशीत ओतला. साय, कॉफी आणि चॉकलेट यांचे एकच तपकिरी तळे झाले. त्यावर फुंकर मारून त्यांनी ते निवांतपणे संपवले. वाढणाऱ्या वयस्कर बाईंनी हे पाहिले आणि त्या आत गेल्या. आता काहीतरी ऐकावे लागणार असे मला वाटले, तर त्या दुसरी कोरडी बशी घेऊन आल्या आणि ती त्यांच्यासमोर ठेवून गेल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही एक खेळ केला, आणि या धाग्याचे खरे कारण तो खेळ आहे. तुरिनची ओळख असलेले चॉकलेट म्हणजे जांदुयोत्तो. उलट्या होडीच्या आकाराचा, सोनेरी किंवा रंगीत कागदात गुंडाळलेला हा लहानसा तुकडा कोको आणि भाजलेल्या हेझलनटची पूड यांच्या मिश्रणातून, म्हणजे जांदुयातून, तयार होतो. तो तीन पद्धतींनी करतात, असे आदल्या दिवशीच्या धावपळीत कानावर पडले होते. एक साच्यात घातलेला, दुसरा यंत्राच्या तोंडातून थेट तबकावर सोडलेला आणि तिसरा हाताने पात्याने कापलेला. तीन दुकानांतून तीन प्रकारच्या लहान पुड्या आणल्या. तिन्ही मिळून एका माणसाच्या फेरीइतकेही पैसे झाले नाहीत. हॉटेलच्या खोलीत टेबलावर पांढरा कागद अंथरला, कोमट पाणी घेतले आणि वडील व मुलगी यांना डोळे मिटायला लावून एकेक तुकडा दिला. साच्यातला दिसायला सर्वांत देखणा, कडा धारदार आणि चावताना किंचित टणक होता. यंत्रातून सोडलेल्याच्या टोकाला, कुरडई घालताना सोऱ्या उचलला की राहते तशी, एक वळलेली शेपटी होती. हाताने कापलेला ओबडधोबड होता, त्याच्या अंगावर पात्याच्या खुणा होत्या आणि उचलतानाच तो बोटाला लागत होता. मुलीने न पाहता तिन्ही वेळा हाताने कापलेला बरोबर ओळखला, कारण तो "आधी विरघळतो आणि मग गोड लागतो". वडिलांनी त्याला भाजक्या शेंगदाण्याच्या कुटाची उपमा दिली आणि लगेच, "पण घशाला तेल लागत नाही," अशी दुरुस्तीही केली.

चौदा चवींतून जे कळले नाही ते एकाच पदार्थाच्या तीन तुकड्यांतून कळले, म्हणून माझे मत फेरीच्या विरुद्ध झाले आहे. ते एका वाईट अनुभवावर बेतलेले असू शकते, याची मला जाणीव आहे. ज्यांनी अशा फेऱ्या घेतल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे. मद्य आणि अंडे यांविषयी तिथे नेमके कसे विचारावे, आणि ही नाजूक चॉकलेटे घरापर्यंत कशी आणावीत, हेही जाणकारांनी सांगावे.

खडीसाखर

वडिलांच्या बाबतीत जे घडले ते वाचून वाईट वाटले. मी तुरिनमध्ये शिकायला आले आणि नोकरीमुळे इथेच राहिले, त्यामुळे घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर या प्रश्नाला तोंड देते. तुमच्या वर्णनावरून तो तुकडा कुनेएझे असावा. तो मूळचा जवळच्या कुनेओ गावचा. त्यात फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याच्या दोन कुरकुरीत चकत्या असतात, मध्ये रम घातलेले सारण असते आणि बाहेरून कडू चॉकलेट असते. म्हणजे काकांना वर्ज्य असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच घासात आल्या. बोएरो नावाच्या चॉकलेटच्या आत मद्यात मुरवलेली चेरी असते. झाबायोनेच्या सारणात अंड्याचा बलक आणि मार्साला नावाची वाइन असते. याउलट साधा जांदुयोत्तो आणि क्रेमिनो, म्हणजे थरांचा चौकोनी तुकडा, हे बहुधा कोको, हेझलनट, साखर आणि कुठे दूध एवढ्यावरच झालेले असतात, तरीही वेष्टनावरील घटक वाचावेत.

'शाकाहारी' हा शब्द इथे पुरत नाही, कारण त्याने फक्त मांस आणि मासे वगळले जातात. काउंटरवर प्रत्येक वेळी 'सेन्झा आल्कोल' म्हणजे मद्याशिवाय आणि 'सेन्झा उओवा' म्हणजे अंड्याशिवाय, असे वेगवेगळे सांगावे. यादीवर विसंबू नये, समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगावे. आणखी एक खबरदारी घ्यावी. बिचेरीन या पेयात मद्य नसते, परंतु दुकानांत त्याच नावाचे चॉकलेटचे एक मद्यही बाटलीतून विकले जाते आणि बाटली अतिशय आकर्षक असते. माझ्या मावशींनी ती 'चॉकलेटचे सरबत' म्हणून सोसायटीतल्या भिशीसाठी जवळजवळ विकतच घेतली होती.

बसून चव घ्यायची असेल तर 'मेरेंदा रेआले' या नावाखाली राजवाड्यांतील आणि काही जुन्या कॉफीगृहांत मिळणारा दुपारचा फराळ विचारात घ्यावा. सावोय दरबारातील अठराव्या शतकातील प्रथेवरून तो बेतलेला आहे. गरम चॉकलेट आणि त्यात बुडवून खायची बिस्किटे असे त्याचे स्वरूप असते. बिस्किटांत बहुधा अंडे असते, चॉकलेटात नसते.

उंबरठा

लेख आवडला. या फेऱ्यांमध्ये सांगितली जाणारी नेपोलियनची गोष्ट तुमच्याही कानावर आलीच असेल. नेपोलियनने १८०६ साली ब्रिटिश व्यापाराची कोंडी केली, कोको महाग झाला, म्हणून तुरिनच्या चॉकलेटवाल्यांनी पिएमोंतेतल्याच लांगे टेकड्यांवरच्या हेझलनटची भर घातली आणि जांदुया जन्मले, अशी ती गोष्ट आहे. कोंडी खरी आहे, पिएमोंते त्या वेळी फ्रान्सला जोडलेले होते हेही खरे आहे आणि कोकोची टंचाई झाली असणार हे मानायला हरकत नाही. परंतु त्या काळी चॉकलेट हे प्रामुख्याने पिण्याचे होते. घन स्वरूपातला जांदुयोत्तो लोकांसमोर आला तो १८६५ सालच्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे कोंडीनंतर जवळजवळ साठ वर्षांनी, आणि त्याच्याशी काफारेल ही चॉकलेट कंपनी व मिकेले प्रोशे हा चॉकलेटवाला ही नावे जोडली जातात. या दोन घटना एकाच वाक्यात सांगितल्या की गोष्ट रंगते, पण मधली दोन पिढ्यांची दरी बुजवून टाकली जाते. हेझलनट घालण्यामागे टंचाई नसून स्वस्त, मुबलक आणि उत्तम स्थानिक जिन्नस हाताशी असणे, एवढे साधे कारणही असू शकते. नेपोलियन मात्र तिकीट विकतो.

नावाची हकिगत मला अधिक मजेशीर वाटते. जांदुया हे पिएमोंतेच्या कळसूत्री खेळातले पात्र आहे. तीन टोकांची टोपी घालणारा, वाइनचा शौकीन, दिलदार शेतकरी. त्याच्या नावाचा उगम 'कुंजावाला जुआन' अशा अर्थाच्या शब्दांतून सांगतात. १८६५ च्या कार्निव्हलमध्ये याच पात्राच्या वेषातील माणसाने ही चॉकलेटे वाटली आणि नाव चिकटले. त्याच वर्षी राजधानी तुरिनहून फ्लोरेन्सला गेली, हा योगायोग लक्षात घेतला तर शहराने स्वतःच्याच पात्राचे नाव त्या मिठाईला इतक्या हौसेने का दिले असेल, याचा थोडा अंदाज येतो.

चर्चसमोर चॉकलेटचे दुकान असण्यालाही कारण आहे. प्यायचे चॉकलेट घेतल्याने उपवास मोडतो का, यावर कॅथलिक पंथात सतराव्या शतकात गंभीर वाद झाला. द्रवाने उपवास मोडत नाही, या बाजूने कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी ग्रंथ लिहिला. साबुदाणा कुठून आला हे न विचारता त्याला एकादशीच्या ताटात बसवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांना हसण्याचे कारण नाही.

तिसरी घंटा

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. आम्हीही गेल्या वर्षी अशीच फेरी घेतली, मात्र ती दोनच ठिकाणांची होती. पहिल्या ठिकाणी कारखान्याच्या मागच्या खोलीत आम्हा सहा जणांना बसवले, भाजलेले आणि न भाजलेले हेझलनट वेगवेगळ्या वाट्यांतून हुंगायला दिले, मग त्यांची वाटलेली पेस्ट, मग साखर घातलेली आणि शेवटी कोको मिसळलेली. तिसऱ्या चमच्याला जांदुया तोंडात आले तेव्हा ते कोणत्या पायऱ्या चढून आले हे जिभेला ठाऊक होते. हे मला एकट्याला कोणत्याही दुकानात करता आले नसते, आणि इटालियन येत नसताना इतके प्रश्न विचारण्याचे धाडसही झाले नसते.

तुमचा राग त्या कंपनीवर असायला हवा होता, तो फेरी या प्रकारावर निघाला आहे, असे नम्रपणे सुचवतो. शिवाय तीन पद्धतींचा तो तुमचा खेळ ज्या माहितीवर उभा राहिला ती माहिती तुम्हाला त्याच 'वाया गेलेल्या' तीन तासांत मिळाली, हे तुम्हीच लिहिले आहे.

सांजवेळ

तिसरी घंटा, शेवटचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मान्य करतो. सात दुकाने आणि दोन दुकाने यांतच सगळा फरक आहे, असे आता वाटते. आरक्षण करताना थांबे किती आणि बसायला मिळते का, हे दोनच प्रश्न विचारले असते तर पुढचे टळले असते. चवींची संख्या जितकी मोठी छापलेली, तितके सावध राहावे.

गूळपोळी

माझे शिक्षण अन्नतंत्रज्ञानातले आणि काही वर्षे नोकरीही चॉकलेटच्या कारखान्यात झाली, म्हणून तुमच्या तीन तुकड्यांच्या खेळामागचे कारण सांगण्याचा मोह आवरत नाही. कोकोचे लोणी साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट असते आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उष्णतेच्या किंचित खाली, पूर्ण वितळते. चांगले चॉकलेट कट्कन तुटते आणि जिभेवर मात्र विरघळते ते यामुळेच. हेझलनटचे तेल खोलीच्या तापमानाला पातळच असते. ते कोकोच्या लोण्यात मिसळले की सगळे मिश्रण मऊ पडते. साधे चॉकलेट थंड होताना आकसते आणि साच्यातून आपोआप सुटून येते, तर जांदुया पुरेसे आकसत नाही आणि साच्याला धरून बसते. जांदुयोत्तो मुळात साच्याशिवाय, पात्यांनी आकार देऊन का करत, आणि त्याचा आकार होडीसारखा का राहिला, याचे उत्तर इथे आहे. साच्यात घालायचा असेल तर मिश्रण साच्याला मानवेल असे बेतावे लागते, आणि तो टणकपणा नसलेला तुकडाच तुमच्या मुलीने न पाहता ओळखला. तिचे अभिनंदन.

चाखण्याचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा आणि मध्ये कोमट पाणी घ्यावे, हे तुम्ही बरोबर केले. गार पाण्याने जिभेवरचा कोकोच्या लोण्याचा थर गोठतो आणि पुढची चव लागत नाही. तुकडा दाताखाली न घेता आधी टाळूला लावून ठेवावा, आणि श्वास नाकाने सोडावा. वास तेव्हाच कळतो. एका बैठकीत चार-पाच तुकड्यांच्या पुढे जाऊ नये, व्यावसायिक चाखणारेसुद्धा त्यापुढे फारसा भरवसा ठेवत नाहीत.

आता वेष्टनाविषयी. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार 'जांदुया' हे नाव लावायचे असेल तर कडू चॉकलेटच्या प्रकारात १०० ग्रॅममध्ये हेझलनट २० ग्रॅमपेक्षा कमी आणि ४० ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, तसेच त्यासाठी वापरलेल्या चॉकलेटमध्ये कोकोचा एकूण कोरडा अंश किमान ३२ टक्के असावा लागतो. दुधाच्या जांदुयासाठी हेझलनटची खालची मर्यादा १५ ग्रॅम आहे. म्हणजे नाव एकच असले तरी आत दुपटीचा फरक असू शकतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिला शब्द 'साखर' आहे की 'हेझलनट', एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. त्यापुढे 'पिएमोंते' आणि भौगोलिक मानांकनाचे चिन्ह असेल तर ते हेझलनट लांगे आणि परिसरातल्या त्या गोल, पातळ सालीच्या जातीचे समजावे. खुद्द जांदुयोत्तोलाही असे मानांकन मिळावे म्हणून तुरिनच्या उत्पादकांनी प्रयत्न सुरू केले, तेव्हा त्यात दुधाची पावडर चालावी की नाही यावरून लहान कारागीर आणि आता स्विस लिंट समूहात असलेली काफारेल यांच्यात चांगलीच जुंपली. हापूसच्या मानांकनाच्या वेळी कोणते जिल्हे धरायचे, यावरून आपल्याकडे झालेली ओढाताण आठवावी.

आडवाट

घरी आणण्याविषयी माझ्या अनुभवाचे दोन शब्द. जांदुयाच्या मलईची काचेची बरणी मी हातातल्या पिशवीत ठेवली आणि विमानतळावरील तपासणीत ती काढून घेण्यात आली, कारण पसरता येणारा पदार्थ तिथे द्रवात गणला जात होता आणि १०० मिलिलिटरच्या वर चालत नव्हता. घन चॉकलेट हातातल्या पिशवीत चालते. त्यामुळे बरणी सामानात आणि जांदुयोत्तो हातात, असे करावे. मे महिन्यात मुंबईत उतरणार असाल तर आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅक्सीत बसेपर्यंत होड्या बुडालेल्या असतात.

गूळपोळी

आडवाट यांच्याशी सहमत. आणलेच तर १६ ते १८ अंश सर्वांत चांगले, आणि आपल्याकडे ते शक्य नसल्यामुळे फ्रिज अटळ आहे. मात्र हवाबंद डब्यात दोन पदरी बांधून ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा तुकड्यावर दव धरते, साखर विरघळून पुन्हा सुकते आणि वर खरखरीत पांढरा थर येतो. बोटाने पुसल्यावर जाणारा, तेलकट पांढरा थर वेगळा. तो उष्णतेने वर आलेल्या स्निग्धाचा असतो. दोन्ही खाण्यास अपायकारक नाहीत, चव मात्र गेलेली असते. फ्रिजमधल्या हिंगाच्या डबीपासून लांब ठेवावेत हे वेगळे सांगायला नको.

विहीरकाठ

सांजवेळ यांच्या कन्येच्या माहितीसाठी लिहितो. तुरिनपासून फार दूर नसलेल्या आल्बा गावात पिएत्रो फेरेरो नावाच्या मिठाईवाल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर, कोको पुन्हा दुर्मीळ झालेला असताना, १९४६ साली जांदुयाची एक वडी बाजारात आणली. ती कापून पावाबरोबर खात. पुढे ती मऊ होत होत १९६४ साली न्यूटेला झाली. उंबरठा यांनी नेपोलियनची कथा घासून घेतली ते योग्यच, परंतु टंचाईतून हेझलनटकडे वळण्याची ही दुसरी कथा मात्र जवळच्या काळातली आणि पक्की आहे.

आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत याच फेरेरो कंपनीचा कारखाना आहे आणि तिथून किंडर जॉय आणि टिक टॅक बाहेर पडतात. गावातल्या कित्येक घरांतली माणसे तिथे कामाला आहेत. जांदुया मात्र मी अजून चाखलेले नाही.

पायरी

सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत. आम्ही मिलानहून सकाळी जाऊन रात्री परतणार आहोत आणि चॉकलेटसाठी जेमतेम दोन तास देता येतील. बरोबर सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. काय करावे?

खडीसाखर

पायरी, दोन तासांत फेरी घेऊच नका. पोर्ता नुओवा स्थानकावर उतरून कमानींखालून सरळ चालत पियात्सा कास्तेल्लो या चौकापर्यंत या. वाटेत पियात्सा सान कार्लोमध्ये स्त्रात्ता हे १८३६ पासूनचे मिठाईचे दुकान लागते, त्याची काचेची खिडकी पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत. पियात्सा कास्तेल्लोवर बारात्ती ए मिलानो हे जुने कॉफीगृह आहे. क्रेमिनो त्यांचाच. तिथून कोन्सोलाता चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. अल बिचेरीनमध्ये रविवारी प्रार्थना संपण्याच्या वेळी रांग लागते, म्हणून शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आणि सकाळी लवकर जावे.

सासूबाईंसाठी तिघांत एक बिचेरीन मागवा आणि त्यांना दोन घोट द्या. पेल्यातले चॉकलेट बरेच कडवट असते, पण साखर त्यात आहेच. दुकानांत साखरविरहित म्हणून जे मिळते त्यात बहुधा माल्टिटॉलसारखे पर्याय असतात, आणि ते प्रवासात पोटाला मानवतीलच असे नाही. अर्धा जांदुयोत्तो खरा खाल्लेला बरा, असे मी माझ्या आईला सांगते. डॉक्टरांना विचारून ठरवावे, हे ओघाने आलेच.

उंबरठा

एक गोष्ट राहून गेली होती. सांजवेळ यांना वडिलांच्या बशीचा थोडा संकोच वाटलेला दिसतो. त्याचे कारण नाही. अठराव्या शतकात, म्हणजे ते कॉफीगृह उघडले त्याच काळात, गरम पेय पेल्यातून बशीत ओतून पिण्याची पद्धत युरोपातही सर्रास होती, आणि त्यासाठी त्या काळच्या बशा खोलगट असत. चॉकलेटसाठी तर पेला मध्ये अडकून बसेल अशी खोबण असलेली खास बशी होती. तिचे नाव मान्सेरीना, आणि ते पेरूमध्ये व्हाइसरॉय असलेल्या मान्सेराच्या मार्केसवरून पडले आहे. उंची कपड्यांवर चॉकलेट सांडू नये, ही त्यामागची काळजी. तेव्हा काकांनी त्या टेबलावर केले ते अडाणीपणाचे नव्हते, फक्त अडीचशे वर्षे उशिरा झाले.

सांजवेळ

उंबरठा, आभारी आहे. हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग त्या बाईंनी दोन्ही बशा इतक्या उथळ का दिल्या?"